नवऱ्याचं ऑफिस सात मिनिटांवर

*ताई, मी 34 वर्षांची आहे. पुण्यात एका बँकेच्या कर्ज विभागात दहा वर्षं काम केलं. नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागली आणि आठ महिन्यांपूर्वी आम्ही इथे आलो. तांजोंग पगार भागात एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्याचं ऑफिस रॉबिन्सन रोडला, चालत सात मिनिटं. येण्याजाण्याचा वेळ वाचेल आणि तो आम्हाला मिळेल म्हणून मुद्दाम महाग घर घेतलं. तो रात्री नऊच्या आत घरी येत नाही. माझ्याकडे डिपेंडंट पास आहे, त्यावर नोकरी करता येत नाही. सोमवार ते शुक्रवार खाली माणसांचा पूर असतो, त्यात मला ओळखणारं कुणी नाही. शनिवार-रविवारी रस्ते ओस. एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले, तर जो तो 'मिस्टर कुठे असतात?' एवढंच विचारत होता. हल्ली अकराला उठते, दुपारी पडदे ओढून बसते. सासूबाई फोनवर म्हणतात, 'खिडकीतून समुद्र दिसतो, अजून काय हवं?' समुद्र खरंच दिसतो, म्हणून मला तक्रार करायची लाज वाटते. बँकेने वर्षभराची बिनपगारी रजा दिली होती, तिचे चार महिने उरलेत. नवरा म्हणतो, राजीनामा दे, रुळशील. ओळखीचे म्हणतात, ईस्ट कोस्टला राहायला जा, तिकडे आपली माणसं आहेत. मला वाटतं, पुण्याला परत जावं. त्यात परवा शेजारणीने फोडणीच्या वासाबद्दल दाराखालून चिठ्ठी सरकवली, दिवसभर रडले. मूल नाही, आणि त्याबद्दल सल्ला नको. मला अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल.*

*— एकतिसाव्या मजल्यावरची*

राजीनामा देऊ नकोस. निदान आत्ता नको. बाकी सगळं सविस्तर लिहितेच आहे, पण हे पत्र अर्धवट वाचून बाजूला ठेवलंस तरी एवढं वाचलेलं असावं, म्हणून ते आधी.

दुसरं तब्येतीचं. अकराला उठणं, दुपारी पडदे ओढणं, एका चिठ्ठीवरून दिवसभर रडणं, यातलं एखादंच असतं तर नव्या जागेचा शीण म्हणून मी सोडून दिलं असतं. तिन्ही एकत्र असतील आणि आठवड्यांमागून आठवडे तेच चाललं असेल, तर डॉक्टरकडे जायचं. मोठं हॉस्पिटल शोधत बसू नकोस, घराजवळच्या साध्या क्लिनिकमध्ये जा. 'झोप बिघडली आहे आणि मनही' एवढं सांगितलंस तरी पुढचं ते विचारतात, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवतात. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात तुझं नाव असेल तर त्यात हा खर्च बसतो का, ते त्यालाच बघायला सांग. मराठीतून बोलायचं असेल तर पुण्या-मुंबईतले बरेच समुपदेशक व्हिडिओवर भेटतात. घड्याळात फक्त अडीच तासांचा फरक आहे, त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्यांसारखी अपरात्री वेळ घ्यावी लागत नाही. आणि 1767 हा नंबर फोनमध्ये ठेव. जगणं नकोसं वाटणाऱ्या माणसासाठी सिंगापूरमध्ये तो दिवसरात्र चालू असतो. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण नंबर ठेवायला काही बिघडत नाही.

आता तू राहतेस त्या जागेविषयी, कारण तुला वाटतं तुझंच काहीतरी चुकतंय.

रॉबिन्सन रोड, सेसिल स्ट्रीट, शेंटन वे हा सगळा पट्टा कामाला येणाऱ्यांसाठी आखलेला आहे. त्यातली पुष्कळशी जमीनच मुळी समुद्रात भराव घालून केलेली. तेलोक आयर स्ट्रीट ही एके काळी किनाऱ्याची वाट होती. आता तिथून समुद्र शोधायचा तर आधी सगळे बँकांचे टॉवर ओलांडावे लागतात. तिथला दिवस ऑफिसच्या घड्याळावर चालतो. सकाळी नऊला गर्दी, बाराला जेवणाच्या रांगा, सहाला पुन्हा गर्दी, शुक्रवारी रात्री क्लब स्ट्रीटला बियरचे ग्लास. शनिवारी अमॉय स्ट्रीटच्या फूड सेंटरमधले बरेच गाळे बंद, कारण गिऱ्हाइकच येत नाही. ज्याच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नाही, त्याने दुपारी तीन वाजता तिथे काय करायचं याचा विचार कुणी केलेलाच नाही. शनिवारी तुला वाटतं ते प्रयोग नसलेल्या दिवशी नाट्यगृहात बसल्यासारखं आहे. खुर्च्या, दिवे, गार हवा, सगळं जागच्या जागी, आणि बघायला काही नाही.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला वाटतं तुला एकटेपणापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त खुपतंय. पत्राची सुरुवात बघ. वय, लगेच बँक, मग विभाग, मग वर्षं. नवरा त्यानंतर येतो. मंडळातल्या लोकांनी 'मिस्टर कुठे असतात' विचारल्याचा राग आला, तो त्यांनी तुला काय काम करतेस हे विचारलं नाही म्हणून. तू दहा वर्षं गळ्यात पट्टा घालून फिरलेली बाई आहेस. तुला एकतिसाव्या मजल्यावर बसवलंय आणि खाली रोज हजारो माणसं पट्टे घालून कामाला चाललेली दिसतात. याला मी बेकारी म्हणते. ही बेकारी सासूबाईंना दिसत नाही, कारण त्यांच्या हिशोबात बेकार असतो तो मुलगा. सुनेला 'जरा आराम' असतो.

म्हणून ईस्ट कोस्टचा सल्ला मला अर्धाच पटतो. तिकडे भारतीय कुटुंबं जास्त आहेत हे खरं. इमारतीच्या खाली दोन मराठी आवाज ऐकू येतील, वाटीभर साखर मागता येईल, हेही खरं. पण तिथेही दुपारी तीन वाजता तू घरीच असशील, आणि 'मिस्टर कुठे असतात' हा प्रश्न तिथे रोज विचारला जाईल. शिवाय भाडेकरार. तुमचा करार दोन वर्षांचा असणार, बहुतेकांचा असतो. त्यात बहुधा एक 'डिप्लोमॅटिक क्लॉज' असेल. सहसा तो बारा महिने झाल्यावर लागू होतो, दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तीही भाडेकरूची नोकरी गेली किंवा देशाबाहेर बदली झाली तरच. 'बायकोला करमत नाही' हे कारण त्यात नसतं. मध्येच सोडलंत तर अनामत गेली म्हणून समजायचं. घरमालक राजी असेल तर त्याला दुसरा भाडेकरू आणून देता येतो, तेवढी एक वाट असते. करार काढून ते कलम शब्दन् शब्द वाचा, आणि मग बोला.

तोवर ईस्ट कोस्ट कुठे पळून जात नाही. 2024 च्या जूनपासून एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइन बेशोरपर्यंत गेली आहे. शेंटन वे किंवा मॅक्सवेल स्टेशनला बसलीस की गाडी न बदलता तिकडे पोचतेस. दोन-चार दुपारी तिकडे काढ, कुणाकडे जेवायला जा, समुद्राकाठी फीर. एवढ्याने बरं वाटत असेल तर करार संपेल तेव्हा घर बदला. नाही वाटलं, तर निदान तेवढे पैसे वाचले.

नवऱ्याविषयी. तुम्ही दोघांनी एक हिशोब मांडला होता, की प्रवासाचा वाचलेला तास घराला मिळेल. तो ऑफिसने घेतला. याचं मला आश्चर्य वाटत नाही. लांब राहणाऱ्याला शेवटची सोयीची गाडी, मुलांची वेळ, पाऊस, काही ना काही कारण पुढे करून उठता येतं. सात मिनिटांवर राहणाऱ्याला उठायला कारणच नसतं, आणि बॉसलाही ते माहीत असतं. 'तू तर इथेच राहतोस' हे वाक्य त्याने ऐकलं असेलच. कायदाही त्याच्या बाजूने नाही. सिंगापूरच्या नोकरी कायद्यातलं कामाच्या तासांचं आणि ओव्हरटाइमचं कलम मॅनेजर-एक्झिक्युटिव्ह लोकांना लागू होत नाही. मात्र डिसेंबर 2024 पासून एक सोय झाली आहे. कामाची वेळ किंवा जागा बदलून मागणारा रीतसर अर्ज आला तर कंपनीने तो नीट विचारात घ्यावा आणि लेखी उत्तर द्यावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. मान्य करायलाच हवा असं नाही. पण 'आमच्याकडे असलं काही नसतं' असं म्हणून वाटेला लावता येत नाही.

त्याच्याशी भांडू नकोस, वेळ माग. 'तू मला वेळच देत नाहीस' या वाक्याला नवऱ्यांकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर तयार असतं: 'मग हे सगळं कोणासाठी करतोय?' त्यापेक्षा म्हण, मंगळवारी आणि गुरुवारी सात वाजता मी तुझ्या ऑफिसच्या खाली उभी असेन, आपण बाहेर जेवू, मग वाटलं तर तू परत वर जा. सात मिनिटांचं अंतर त्याच्या बॉसला उपयोगी पडतंय, तसं तुलाही पडू दे. आणि रोज नऊच्या पुढे तो खरंच कामात असतो का, की त्यालाही घरी येऊन तुझा उतरलेला चेहरा बघायची भीती वाटते, हेही एकदा सरळ विचार. मी त्याची बाजू घेत नाही. पण आठ महिन्यांपूर्वी तोही सगळं सोडूनच आला, आणि त्याची नोकरी गेली तर तुम्हा दोघांचा मुक्काम संपतो. त्याचा पास रद्द झाला की तुझाही होतो, आणि आवराआवरीला साधारण तीस दिवस मिळतात. ही टांगती तलवार घेऊन माणूस रोज ऑफिसला जातो आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता कामाचं, कारण खरा मुद्दा तोच आहे.

पूर्वी डिपेंडंट पासवर बायकांना तुलनेने सोप्या परवानगीपत्रावर नोकरी करता यायची. मे 2021 पासून ते बंद झालं. आता कंपनीला तुझ्यासाठी स्वतंत्र वर्क पास काढावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा एम्प्लॉयमेंट पास. त्यासाठी जानेवारी 2025 पासून किमान पगार महिना 5600 सिंगापूर डॉलर आहे, वित्तक्षेत्रात 6200, आणि वय वाढेल तशी ही रक्कम चढत जाते. तुझ्या वयाला 6200 पुरणार नाहीत. शिवाय सप्टेंबर 2023 पासून 'कंपास' नावाची गुणपद्धत आहे, तिच्यात 40 गुण लागतात. मुख्य निकष चार: त्या क्षेत्रातल्या स्थानिकांच्या तुलनेत तुझा पगार, तुझी पदवी, कंपनीत तुझ्या देशाचे किती लोक आहेत, आणि कंपनी स्थानिकांना किती नोकऱ्या देते. प्रत्येकाला शून्य, दहा किंवा वीस.

यातला तिसरा निकष आपल्याला आडवा येतो. अधिकारी वर्गात जिथे चौथा हिस्सा किंवा जास्त लोक भारतीय आहेत, तिथे भारतीय उमेदवाराला त्या निकषात शून्य मिळतो. म्हणजे ज्या कंपन्यांमध्ये ओळखी निघतील, चहाला बोलावतील, 'सीव्ही पाठव, बघतो' म्हणतील, नेमक्या तिथेच तुझं घोडं पेंड खाण्याची शक्यता जास्त. उलट अधिकारी वर्गातले पंचवीसपेक्षा कमी लोक असलेल्या छोट्या कंपनीला तिसऱ्या आणि चौथ्या निकषाचे दहा-दहा गुण आपोआप मिळतात. मनुष्यबळ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचे गुण तपासायची सोय आहे. एका दुपारी पडदे उघडे ठेवून ते करून बघ. कर्ज-छाननीची दहा वर्षं ही फालतू गोष्ट नाही. पैशांच्या गैरव्यवहारावर नजर ठेवणाऱ्या विभागांत, नियमपालनाच्या कामात तो अनुभव मोजला जातो. पण मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. तुझ्यासारख्या बऱ्याच जणी शिकलेल्या, अनुभवी असून या गाळणीत अडकतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

या काळात दोन सल्ले हमखास येतील, दोन्हींपासून सावध राहा. एक, 'घरबसल्या मोदक-पुरणपोळ्या विक, ऑर्डरी आपोआप येतात.' ते कामच आहे, आणि तुझ्या पासवर परवानगीशिवाय करता येत नाही. चार घरांत डबे पोचवताना कुणी बघत नाही असं वाटतं, पण पकडलं गेलं तर पास दोघांचाही धोक्यात. दोन, 'पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर कर, कोणाला कळतंय!' हे कदाचित चालेल, कदाचित नाही. मैत्रिणीच्या शब्दावर जाऊ नकोस. नेमकं काम काय, पैसे कुठल्या खात्यात, गिऱ्हाईक कुठलं, एवढं लिहून मंत्रालयाला विचार आणि उत्तर जपून ठेव. बँकेतली बाई आहेस, कागदाचं महत्त्व मी तुला काय सांगणार?

तर बँकेचं. चार महिने उरलेत. त्यातले पहिले तीन शोधासाठी ठेव, खऱ्या शोधासाठी. रोज सकाळी नऊ ते बारा, घराबाहेर बसून. चायनाटाउन पॉइंटमध्ये वाचनालय आहे, तुझ्या घरापासून चालत जाता येतं. अर्ज कर, लोकांना भेट, गुण तपास, एखादा छोटा अभ्यासक्रम कर. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तुझ्या हातात एक तर काहीतरी ठोस असेल, नाहीतर नसेल. ठोस असेल तर आनंदाने राजीनामा दे. नसेल तर बँकेकडे रजा वाढवून माग. बँक नाही म्हणाली तर माझं मत विचारशील तर मी पुण्याला जा म्हणेन.

हो, नवऱ्याला तिथे ठेवून. रागाने नाही, ठरवून. वर्षभरासाठी, दर दोन-तीन महिन्यांनी कोण कोणाकडे जाणार हे आधी ठरवून. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तासांचं विमान आहे. कोकणातल्या घराघरांतले पुरुष मुंबईला गिरणीत चाकरीला आणि बायका गावाला शेत-घर सांभाळत, असे संसार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झाले. त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. तुला निवडता येतंय. 'लोक काय म्हणतील' याचं उत्तर एवढंच की लोक आत्ताही म्हणतायत, 'अजून काय हवं?'

तुझा नवरा म्हणतो तसं तू रुळशीलही. काही जणी रुळतात. पण राजीनामा दिल्यावर रुळणं आणि परतीचं दार उघडं असताना रुळणं यात फरक आहे, आणि पहिल्यात चूक झाली तर ती एकट्या तुझ्या खात्यावर पडते. खात्यावरून आठवलं. तुझं पुण्यातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घेतलंस ना? बँकवाल्यांचीच ही कामं राहून जातात.

आता हे तीन-चार महिने काढायचे कुठे? तू टॉवरच्या वर बघतेस, मी म्हणते खाली बघ. तुझ्या भागात 290 मीटरचा गुओको टॉवर आहे तसं जुनं तांजोंग पगारही आहे, आणि ते शनिवार-रविवारी बंद होत नाही. तांजोंग पगार प्लाझाच्या सरकारी इमारतींत म्हातारी माणसं आयुष्यभर राहिली आहेत, खाली भाजी-मासळीचा बाजार आहे, वर खाण्याचे गाळे. कँटोनमेंट रोडवरचे पिनॅकलचे पन्नास मजली सात टॉवर बघून बँकर राहत असतील असं वाटतं, पण तीही सरकारी घरं आहेत. पलीकडे डक्स्टन प्लेन पार्कची चिंचोळी बाग. सकाळी सातला, उजाडता उजाडता, तिथे व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्या दिसतील. तिसऱ्या दिवशी त्या तुला हात हलवतील, दहाव्या दिवशी विचारतील की तू रोज का येतेस आणि मुलंबाळं किती. तो दुसरा प्रश्न तुला नकोय, माहीत आहे. हसून पुढे चाल. तिथे 'आंटी' म्हणून कुणालाही हाक मारता येते, तेवढं आपल्यासारखंच आहे.

खाण्याच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली, हे तुला एव्हाना कळलं असेलच. पण दोन वाजता गर्दी ओसरल्यावर मॅक्सवेलच्या फूड सेंटरला जाऊन त्याच टेबलावर रोज चहा घेतलास का? एकाच गाळ्यावर, रोज? आठवडाभरात चहावाला तुझा चहा न विचारता करायला लागतो. ही फार छोटी गोष्ट वाटेल. आठ महिन्यांत तुला ओळखणारं कुणी नाही असं लिहिलं आहेस, तर सुरुवात चहावाल्यापासून करायला हरकत नाही. शाकाहारी असशील तर चिनी शाकाहारी गाळे शोध. कांदा-लसूणही घालत नाहीत. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे रांग लागते, कारण त्या दिवशी भाविक मंडळी मांसाहार करत नाहीत. आपल्या एकादशी-चतुर्थीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

चतुर्थीचं म्हणशील तर क्योंग सायक रोडच्या कोपऱ्यावर चेट्टियार समाजाने 1925 साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. तुझ्या घरापासून नवऱ्याच्या ऑफिसइतकंच जवळ, आणि मला वाटतं तुला ते अजून सापडलेलं नाही. साउथ ब्रिज रोडवरचं मारिअम्मन देऊळ तर 1827 चं. देवावर विश्वास आहे की नाही हे मी विचारत नाही. तिथे रोज तीच माणसं येतात, एवढंच सांगते. भाजीला चायनाटाउनहून तीन स्टेशनं, लिटल इंडिया. टेक्काच्या बाजारात कढीपत्ता, मेथी, शेवग्याच्या शेंगा मिळतात, आणि भाव करता करता भांडताही येतं, जे तुमच्या टॉवरखालच्या चकचकीत दुकानात करता येत नाही.

मंडळात पुन्हा जा, पण प्रेक्षक म्हणून नको, सतरंज्या उचलायला जा. कार्यक्रम बघायला आलेल्या बाईला 'मिस्टर कुठे' विचारतात. हिशोबाची वही हातात घेतलेल्या बाईला 'किती जमले, किती खर्च झाले' विचारतात. मंडळांना कलाकार पुष्कळ मिळतात, पैशांचा चोख हिशोब ठेवणारं माणूस मिळत नाही, हे सिंगापूरपासून सांगलीपर्यंत सारखंच. विनामोबदला कामालाही तुझ्या पासवर काही अट आहे का, ते मंडळातल्या जुन्या माणसांकडून आधी विचारून घे.

राहिली चिठ्ठी. सिंगापूरमध्ये 2011 साली असंच एक प्रकरण गाजलं होतं. चीनहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या करीच्या वासाबद्दल तक्रार केली, आणि तक्रार करणारे घरी नसतानाच करी शिजवायची असं मध्यस्थीत ठरलं. ते छापून आल्यावर लोक इतके भडकले की एका रविवारी सगळ्यांनी करी रांधायची अशी हाक निघाली. चिनी, मलय, भारतीय, सगळ्या घरांत पातेली चढली. तेव्हा तुझी फोडणी त्या शहराला नवीन नाही, आणि तुझी शेजारीणही कदाचित स्वतःच नवी आलेली, खिडकी न उघडणाऱ्या घरात कोंडलेली बाई असेल. नव्या टॉवरांतली उघडी स्वयंपाकघरं फोडणीसाठी बांधलेलीच नाहीत. बऱ्याच ठिकाणी चिमणी वास बाहेर टाकत नाही, गाळून आतच सोडते. तिची जाळी धुऊन घे, जुनी झाली असेल तर मालकाला बदलायला सांग. फोडणी देताना मुख्य दार बंद आणि बाल्कनीचं उघडं, हा क्रम ठेव. वास कॉरिडॉरमध्ये जातो तो दाराच्या फटीतून, तिथे खाली पट्टी लावून मिळते. मग एका संध्याकाळी तिच्या दारावर जा. चिठ्ठी सोबत नेऊ नकोस. नाव सांग, चिमणीचं काम करून घेतलंय म्हणून सांग, आणि अजूनही त्रास झाला तर दार वाजव, चिठ्ठी नको, एवढं बोलून ये. हिंग मात्र बंद करू नकोस.